जाऊ द्यायचं पाणी

वाशीम,
१० मार्च १९४१

ती. गं. भा. आत्यास अनसूयेचा साष्टांग नमस्कार.

पाण्यात माणूस किती दिवस राहतो? मेडशीला जाताना मोटारीच्या खिडकीतून तू मला हे विचारलंस, तेवढ्यात मोटार हलली आणि माझी सुटका झाली. तेव्हा माझी परीक्षा व्हायची होती. आता बी.एस्सी. होऊन वर्ष होत आलं. पाण्यात चुना किती, खार किती, तुरटी किती हे मी सांगू शकते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला येत नाही. हे आधी कबूल करते आणि मग कामाचं लिहिते.

आपल्या रंगखान्याची विहीर यंदा होळीच्या आतच खाली गेली. लढाईमुळे जर्मनीचे रंगाचे डबे बंद झाले, त्यामुळे आल-मुळीच्या लाल रंगाला पुन्हा गिऱ्हाईक आलं आहे, आणि हा रंग पाणी किती पितो हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक. तेल-खाराचं धुणं, हिरड्याचं धुणं, तुरटीचं धुणं, मग कढईतून काढल्यावर पुन्हा धुणं. बाबा म्हणाले, असंच चाललं तर वैशाखातल्या आखाजीला विहीर खोल करावी लागेल.

आत्या, हे वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील. दोन वर्षांमागे खोदलं त्या वेळी मी नागपुरात होते. मला सांगण्यात आलं ते एवढंच की विहीर खोदताना एक बाजू ढासळली, तुझा थोरला, माझा जगदेवदादा, दगडमातीखाली गेला, आणि ज्या झऱ्यासाठी खोदत होते तो त्याच दुपारी फुटला. पाणी चढत गेलं, मग पाऊस आला, आणि त्याला वर काढायचं राहिलं ते राहिलंच. आपण त्याच्या जागी पळसाच्या पानांचा पुतळा जाळला. तू त्यावर माझ्याशी कधी बोलली नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. पण त्याच विहिरीत पुन्हा माणूस उतरवायचा, हे मी घरात बसून पाहणार नाही.

म्हणून मी बाबांकडून कबुली घेतली आहे. आखाजीपर्यंत धुण्याचं काम माझ्या पद्धतीनं चालेल. आहे त्या पाण्यात निभावलं तर कुणीही उतरणार नाही. माझी पद्धत साधी आहे. शेवटच्या धुण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं, ते आपण नालीत ओततो. ते पुढच्या कापडाच्या थानांच्या पहिल्या धुण्याला का वापरू नये? आणि अगदी गढूळ झालेलं पाणी हौदात चुना टाकून निवळलं, कोळसा आणि वाळूतून गाळलं, तर तेही परत कामाला येतं. हे जमलं तर रंगारीपुऱ्यातल्या सगळ्यांना शिकवता येईल. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी खोदतच असतो.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. मोट जेवढं पाणी वर आणते तेवढं कढयांना आणि धुण्याला लागत नाही. मधल्या मध्ये पाणी कुठेतरी जातं. धुण्याच्या दगडांवर इतकी वर्षं तुझा कारभार होता. ते कुठे जात असेल?

तुझा धाकटा रामधन खुशाल आहे. त्याची रुख्मिणी आता कामात तरबेज झाली, तुझी सून शोभते.

तुझी
अनसूया


मेडशी,
होळी

चिरंजीव अनसूले तुळसाबाईचा आशीर्वाद.

तुहं पत्र पोचलं. मले इसरलेली अक्षरं तूच पुन्हा शिकवली, आता वाकडंतिकडं वाच अन् भोग. एक ओळ लिवता लिवता माहे दोन लुगडे धुऊन झाले असते.

शिकून आलेली पोरगी आता धुनाऱ्याईले धुनं शिकवून राह्यली म्हनून सुगराबी लय हासत होती. चुड्यावाली सुगराबी, ओळखतं ना? इकडच्या बाजाराले आली का तिकडची सारी खबर देते. म्हने तू पदर खोचून हौदात काठी टाकून पाहतं, अन् कोनी हासलं का त्याले इंग्रजीत पाहतं. पाहा बाई. तुह्या आजीनं माहं शिकनं दुसरीतच बंद केलं, तुहा बाप तुले नागपूरले धाडते, अन् तू येऊन त्याच चिखलात उभी राह्यतं. पन मले बरं वाटलं.

पानी कुठं जाते म्हनून मले कायले इचारतं? माहा जलम त्या दगडावर गेला, मी कधी पानी मोजलं नाई. धुतलं अन् सोडलं. काही पानी जाऊ द्याचं असते. हे तुह्या पुस्तकात नसन. तू बाकीचं पानी वाचव, जे जाते त्याच्या मागं नको लागू.

तुह्या बापाले फार टोचू नको. थो बोलत नाई म्हनजे त्याच्या मनात काई नाई असं नसते.

रामधनले सांगजो, इहिरीच्या काठावर पाय सोडून बसत नको जाऊ. लहानपनाची खोड हाय त्याची. मी त्याले तिथं ठेवलं थे मामाच्या भरवशावर, इहिरीच्या नाई.

तुळसाबाई


वाशीम,
३१ मार्च १९४१

ती. गं. भा. आत्यास साष्टांग नमस्कार.

पाडवा झाला. माझे तीनही हौद चालू आहेत, आणि हे लिहिताना मला गर्व होतो आहे, तो तू माफ कर. पहिल्या हौदात गढूळ पाणी चुन्यानं फाटतं, घाण तळाला बसते. वरचं पाणी दुसऱ्यात कोळसा-वाळूतून उतरतं. तिसऱ्यात ते असं निवळ होतं की तळाचा दगड दिसतो. तिथून पुन्हा धुण्याला. रंगखान्यातून आता एक थेंब बाहेर जात नाही. मोट दिवसाकाठी थोडी फिरली तरी भागतं. हे असंच राहिलं तर आखाजीला विहिरीकडे कुणी पाहणारही नाही.

आणि तू लागू नकोस म्हणालीस तरी मी हरवलेल्या पाण्याच्या मागे लागलेच. ते सापडलं. माणसं घरी गेल्यावर संध्याकाळी मोट पुन्हा चालते, आणि विहिरीचं कोरं पाणी, कापडाला न लागता, सरळ मागच्या नालीत जातं. मला वाटलं मदनसिंगचाच डाव असेल. मोट तोच हाकतो, आणि खाली नाल्याच्या कडेला कुणाची तरी वांगी लावलेली आहेत. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. पाणी नाही म्हणून इथे माणसाचा जीव टांगणीला आहे, आणि तुम्ही ते फुकट सोडता? तो बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. म्हणाला, "बरोबर हाय तुमचं, बाई." एवढंच. मग मी नालीचं तोंड दगड-चुन्यानं बांधून काढलं. बाबा तिथे आले, कालवलेला चुना पाहिला आणि आत गेले.

तेव्हापासून ते संध्याकाळी रंगखान्यात थांबत नाहीत. ओसरीवर बसतात, हात मांडीवर उलटे टाकून. जेवण निम्मं झालं आहे. वय झालं असं म्हणावं तर मागच्या महिन्यात ते कढईतलं ओलं थान एकट्यानं उचलत होते.

आणखी एक सांगते, हसशील. रुख्मिणी तिसऱ्या हौदाजवळ आली की डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेते आणि आवाज लहान करते. मी कारण विचारलं तर म्हणते, "भासरे बसले हायेत." नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर सुनेनं बोडक्यानं जाऊ नये, हे ठीक. पण तिनं जगदेवदादाला कधी पाहिलंही नाही. मी म्हटलं, अगं, हे विहिरीचं पाणी आपण पहिल्यापासून वापरतोच, मग आताच का? तर म्हणाली, आधी पाणी येत होतं आणि जात होतं. आता ते बसलं आहे. बाकीच्या बायका आधी तिला हसल्या. आता त्याही हौदाकडे पाठ करून बसत नाहीत. पांढरी थानं या पाण्यात धुतली की किंचित गुलाबी दिसतात, त्याचीही कुजबुज आहे. ती साधी गोष्ट आहे, रंगाचा अंश चुन्यानं पूर्ण जात नाही, मी कोळसा वाढवणार आहे.

मी हे हसण्यावारी नेते, तूही ने. रामधन बरा आहे.

तुझी
अनसूया


मेडशी,
रामनवमी

अनसू,

नाली उघड. एवढी ओळ वाचून उठ, नाली उघड, अन् मंग बाकीचं वाच.

संध्याकाळची मोट मदनसिंग हाकते, पन कोनाच्या सांगन्यावरून, थे काहून नाई इचारलं? थे तुहा बाप हाकाले लावते. जगदेव गेला तवा मी त्याले म्हनलं, दादा, लेकरू तर वर येत नाई, निदान त्याले वाट तरी दे. रोज एक मोट सोडाची, कापडाले न लागता, कोनाच्या कामी न येता. नालीतून नाल्याले, नाल्यातून पैनगंगेले. थोडा थोडा करून जाईन थो. तुह्या बापानं शब्द देल्ला. एक बी सांज त्यानं चुकवली नाई, इहीर आटली तरी नाई. तुले वाटत असन का मी दादावर रागावून मेडशीले आली. नाई बाई. थे पानी जातानी पाहवत नव्हतं, अन् नाई पाह्यलं तर राहवत नव्हतं, म्हनून आली.

अन् तू लिवतं, एक थेंब बाहीर जात नाई. मंग थो कुठं जाईन? त्याच हौदात फिरत राहीन? रुख्मिणी येडी नाई. तिले दिसत नसन, पन समजते.

थो आता पहाटे येऊन राह्यला. दोन वर्सं कधी आला नव्हता. दारात उभा राह्यते, अंगावरून पानी गळते, म्हनते, माय, अंग पुसाले दे. मी लुगडं घेऊन उठली का दार रिकामं.

दुसरी गोठ. सुगराबीनं सांगतली, तू नाई. इहीर खोदाची ठरली तर रामधन पह्यला उतरन. ज्या घरचा मानूस इहिरीनं घेतला, त्याच घरचा मानूस पह्यला उतरला पायजे, तवा इहीर दुसऱ्याले हात लावत नाई, असं वडार म्हनतात, अन् तोवर थे पहार धरत नाईत. हे तुले ठाऊक होतं. अन् दर पत्रात लिवतं, रामधन खुशाल. शिकलेल्या मानसाचं खोटंबी किती साफ अक्षरात असते.

माह्या एका लेकराची वाट बंद केली अन् दुसऱ्याची चालू ठेवली. रामधनले इकडं लावून दे.

तुळसाबाई


वाशीम,
१५ एप्रिल १९४१

ती. गं. भा. आत्यास साष्टांग नमस्कार.

नाली त्याच दिवशी उघडली. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, मीच पहारीनं फोडली. मदनसिंगची क्षमा मागायला गेले तर तो उलट मलाच समजावत बसला. म्हणाला, मालकांनी कुणाला सांगायचं नाही असं सांगितलं होतं, आणि बैलांनाही आता सवय झाली आहे, संध्याकाळी सोडलं तरी ते एक फेरी मारल्याशिवाय गोठ्याकडे वळत नाहीत. बाबांना विचारलं, मला का नाही बोललात? ते म्हणाले, "तुळसीले शब्द देल्ला होता. तुले त्यातलं काय समजलं असतं?" आत्या, हे खरं आहे. मला ते समजलं नसतं. मी मोटेचं पाणी आणि कढईचं पाणी शेजारी ठेवून वजाबाकी केली, आणि उरलं त्याला चोरी म्हटलं.

रामधनबद्दल मी लपवलं. मला वाटलं होतं की हौद चालले की ती गोष्ट आपोआप मिटेल आणि तुला कळायची वेळच येणार नाही. पण तो मेडशीला यायला तयार नाही. मी पुष्कळ बोलले. तो काठावर बसला होता, हो, पाय सोडूनच. म्हणाला, "ताई, भाऊ खाली, अन् मी त्याच्यावरच्या पान्यात कपडे धुतो. कवा ना कवा उतरा लागनच." भीती घातली की तो हसतो. त्याला स्वतःलाच जायचं आहे, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मग मी फार घाबरले.

आता खरी परिस्थिती लिहिते. नाली उघडल्यापासून विहीर पुन्हा झपाट्यानं उतरते आहे. बाबांच्या संध्याकाळच्या मोटेत काल गाळ आला. त्यांनी तोही नालीत सोडला. नाली बंद ठेवली तर रामधनला उतरावं लागणार नाही. उघडी ठेवली तर उतरावं लागेल. दोन्ही तुझीच लेकरं. मी कितीही मांडणी केली तरी एकाचं पाणी दुसऱ्याच्या जिवावरून जातं.

तू रुख्मिणीबद्दल लिहिलंस म्हणून सांगते. परवा दिवेलागणीला मी तिसऱ्या हौदाच्या कडेला गाळणीची वाळू धूत होते. कुणी नव्हतं. मला उगाच वाटलं की आपण कुणाच्या तरी पुढ्यात पाय पसरून बसलो आहोत. मी पाय मागे घेतले. घेतल्यावर स्वतःचा राग आला, तरी पुन्हा पसरले नाहीत. जगदेवदादा मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा, रंगारीपुऱ्यातली पोरं चिडवायची, मास्तरीण निघाली, मास्तरीण निघाली, आणि तो मुद्दाम घंटी वाजवायचा. त्याच्यासमोर मी कधी संकोचले नव्हते. आता त्याच पाण्यात रोज कोपरापर्यंत हात घालते आणि मनात त्याला सांगते, दादा, अजून थोडे दिवस.

तिथे बसूनच मला एक सुचलं, ते नीट वाच. माझे तीनही हौद भरलेले आहेत. तेच पाणी फिरवलं तर विहिरीचा एक थेंब न घेता रंगखाना काही दिवस सहज चालतो. आजवर विहीर उपसता आली नाही, कारण उपसली तर काम बंद, आणि काम बंद म्हणजे सगळ्यांच्या चुली बंद. आता तेवढे दिवस विहीर लागतच नाही. जी लागत नाही ती रिकामी करता येते. तळापर्यंत.

त्याला वर आणलं तर तुला चालेल का? मी खोटं सांगणार नाही, हाडं असतील. तुझ्या हो-नाही शिवाय मी बाबांशी बोलणार नाही.

तुझी
अनसूया


मेडशी,
सोमवार

चिरंजीव अनसू,

तुहं पत्र मी शंकराच्या देवळात नेऊन वाचलं, घरात नाई वाचवलं.

आन त्याले. हाडं असो नाई तर माती असो, माहं हाय. इतक्या दिसाचं मी त्याले थोडं थोडं सोडून राह्यली, आता एकदम दे. तुह्या बापाले म्हनजो, तुळसीनं शब्द परत घेतला, आता एक एक मोट नको.

पन रामधन नाई. मी ह्या पत्रात वेगळी चिठ्ठी घातली हाय थे त्याले दे. त्यात मी मरून राह्यली असं लिवलं हाय. चांगली भाकर-ठेचा खाऊन लिवलं, तू काळजी करू नको. मायले पाह्याले थो आल्याबिगर राहनार नाई, अन् एकदा आला का मी त्याले आखाजी होईस्तोवर उंबरा ओलांडू देत नाई. खाटल्यावर पडून कन्हत राहीन. मले जमते. सासू मेली तवा तिचं ऐकून शिकली.

तुह्या बापालेबी उतरू देऊ नको. मामाचं रक्तबी रक्तच हाय, वडार मानतीन, पन त्याचे गुडघे पायरी उतराचे राह्यले नाईत, दोरावर कुठं जाईन थो. वडार अडून बसले तर त्यांले काई तरी समजाव, तू शिकलेली हायेस. शिरपूरकडचे वडार समजूतदार असतात म्हनतात.

काल पहाटे थो आला, तवा मी त्याले म्हनलं, थांब. उभा राह्यला. पह्यल्यांदाच थांबला.

तुळसाबाई


वाशीम,
३० एप्रिल १९४१

ती. गं. भा. आत्यास अनसूयेचा साष्टांग नमस्कार.

रामधन तुझ्या खाटेजवळ बसला असेल. हे पत्र त्याच्या हातून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच, मग त्याला सांग. राग आला तर येऊ दे. तुझं एक लेकरू तुझ्याजवळ आहे, आणि दुसरंही आता जमिनीच्या वर आहे. बाबांनी कोऱ्या थानातून स्वतः कापड फाडलं. त्यात त्याला ठेवलं आहे, तुळशीजवळ, सावलीत. ठाण्यात आधीच कळवलं होतं, शिपाई येऊन पाहून गेला. करायचं ते रामधनच्या हातून व्हावं, म्हणून तुम्ही दोघं मिळेल त्या मोटारीनं या.

आता कसं झालं ते सांगते.

रामधन निघाल्यावर मी तुझं पत्र बाबांपुढे ठेवलं. शब्द परत घेतला, ती ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. मग उठले आणि मदनसिंगला दुसरी मोट जोडायला सांगितलं. इकडे हौदांच्या पाण्यावर काम चालू राहिलं. थानं गुलाबी यायची ती आलीच, गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते बाबा पाहतील. तिकडे दोन्ही मोटा दिवस उजाडला की सुरू व्हायच्या. बाबांनी विचारलं, एवढं पाणी कुठं सोडायचं? मी म्हटलं, नालीत. सगळं. ते नालीच्या कडेला उभे राहिले आणि रोज शेवटची मोट होईपर्यंत हलले नाहीत. नाला भरून वाहिला. भर उन्हाळ्यात नाल्याला पाणी कुठून आलं म्हणून खालच्या वावरातले लोक पाहायला आले. रुख्मिणीनं पदर ओढून घेतला, नालीकडे वाकून नमस्कार केला आणि पुन्हा कामाला लागली.

आखाजीच्या सकाळी तळ उघडा पडला. शिरपूरचे वडार आले होते, आणि तू म्हणालीस तसे समजूतदारही होते, पण या एका गोष्टीत नाही. म्हातारा मुकादम हात जोडून म्हणाला, घरचं माणूस आधी. त्याची पोरं पहारी घेऊन बाजूला बसली. मी त्यांना कंदील सोडून दाखवला, तो तळाशी नीट जळत होता. लिंबाच्या फांद्या दोराला बांधून खालची हवा ढवळली, सुटे दगड वरून पाडून घेतले. हवा चांगली आहे, बाजू पक्की आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. मुकादम म्हणाला, बाई, हवेचं तुम्ही सांगता ते खरंच असेल. पण आम्ही हवेला घाबरत नाही.

बाबा उठले आणि धोतर खोचायला लागले. काठाची एक पायरी चढायला त्यांना मदनसिंगचा खांदा धरावा लागला.

आत्या, मी काय करणार हे तुझं पत्र वाचलं तेव्हाच माझ्या मनात ठरलं होतं. म्हणूनच मी तुला उत्तर लिहिलं नाही. तू नको म्हणाली असतीस आणि मला ते मोडावं लागलं असतं. मी लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि मोटेच्या दोराला बांधलेल्या पाळण्यात जाऊन बसले. वडारांत एकच गलबला झाला, बाईमाणूस, कुवार पोरगी, कसं चालेल. मुकादम बाबांकडे पाहू लागला. बाबांनी दोर हातात घेतला आणि म्हणाले, "जगदेवची बहीन हाय. माही पोरगी हाय. सोडा."

खाली जाताना आधी ऊन गेलं, मग आवाज गेले. बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या, त्याही पाण्यातून आल्यासारख्या. भिंत ओली होती, आणि तिला आपल्या हौदांचाच वास होता, किंवा आपल्या हौदांना तिचा. मला वाटलं होतं मी भिणार. मी भ्याले नाही, पण एकटीही नव्हते. उतरताना कुणी तरी वर पाहत असलं की जसं कळतं तसं मला कळत होतं. पाय तळाला लागले तेव्हा मी पहिल्यांदा पदर डोक्यावरून घेतला. का ते सांगता येत नाही.

ढासळलेली बाजू एका अंगाला सरकलेली होती. मोठे दगड तिकडे, इकडे हातानं निघतील एवढे. मी ते एकेक करून बाजूला ठेवले. कंदील जवळ धरला. तू त्याच्या करदोट्याला बांधलेली चांदीची ताइताची पेटी अजून होती, काळी पडलेली.

तो मला कसा सापडला हे मी बाबांना सांगितलेलं नाही, वडारांना नाही, आणि तुलाही सांगणार नाही. तू आल्यावर माझ्याकडे पाहून विचारशील. तेव्हाही सांगणार नाही. वरून बाबा दोनदा हाक मारून गेले, मी ओ दिली नाही. मी त्याला नीट निजवलं, हात जवळ घेतले, बरोबर नेलेलं कापड अंगावर घातलं, आणि मगच दोर हलवला.

तुझी
अनसूया